समुद्र डाव्या हाताला

सायकलवाला कुठून आला हे तिला कळलंच नाही. खरं म्हणजे तो कुठून आलाच नव्हता. सिग्नल लाल असल्यापासून तो तिच्या डाव्या हाताला, मोटरसायकलच्या पुढच्या चाकाजवळ, एक पाय फुटपाथला टेकवून निमूट उभा असणार. दिवा हिरवा झाला, तिनं क्लच सोडला, हँडल जरासं डावीकडे घेतलं, आणि जमिनीतून कोंब वर यावा तसा एक माणूस तिच्या आरशाखालून वर आला. सायकल आडवी, कॅरिअरला बांधलेला अंड्यांचा ट्रे तिरका. अंडी फुटली नाहीत, तेवढं नशीब. त्यानं आधी ट्रे पाहिला, मग स्वतःचा गुडघा, आणि सगळ्यात शेवटी तिला. "दिसत नाही का हो बाई तुम्हाला?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. किती वाजले विचारावं तसं विचारलं आणि उत्तरासाठी थांबलाही. राग असता तर बरं झालं असतं. रागाला राग देता येतो, साध्या चौकशीला माणूस काय देणार? मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. "दिसतं," ती म्हणाली. हे तिनं इतक्या पटकन आणि अशा सुरात म्हटलं की पुढचे दोन चौक तो सूर तिला ओळखीचा वाटत राहिला, पण कुणाचा ते आठवेना. हॉस्पिटलच्या आवारात गाडी स्टँडला लावताना आठवलं. वडिलांचा.

हॉस्पिटल डोळ्यांचं होतं आणि ती तिथं बावीस वर्षं एकाच खोलीत, एकाच मशीनपाशी बसत होती. तिला सगळे मशीनबाई म्हणत. नवीन आलेल्या नर्सला तर ते आडनावच वाटलं होतं. समोरचं किती दिसतं ते बाहेरच्या खोलीत अक्षरांच्या तक्त्यावर मोजत. कडेचं किती दिसतं ते मशीनबाई मोजायची. खोलीत अंधार, मशीनचा पांढरा घुमट, त्यात हनुवटी टेकून बसलेला पेशंट, एका डोळ्यावर झाकण. "मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं. आजूबाजूला बारीक दिवे लागतील. दिसला की बटण दाबायचं. शोधायला जायचं नाही." दिवसातून वीस-पंचवीस वेळा ती हे म्हणायची, आणि वीस-पंचवीस वेळा लोक शोधायला जायचे. माणसाची जातच तशी. त्यातल्या काहींच्या कागदावर मग काळे डाग उमटत, कडेकडेनं, ओल आलेल्या भिंतीसारखे. काचबिंदू. ते कागद बघून पेशंट हमखास म्हणत, पण मला तर सगळं दिसतं. त्यांचं खोटं नसायचं. जे दिसत नाही ते काळं दिसत नाही, ते दिसतच नाही; मेंदू आजूबाजूचा रंग ओढून घेतो आणि भोक बुजवून टाकतो. धाकटी बहीण शिवणकाम करायची, तिला हे एकदा समजावून सांगितल्यावर ती सुई थांबवून म्हणाली होती, "म्हणजे रफू." हो, रफू. इतकं बारीक की कापड फाटलंय हे कापडालाही कळू नये.

वडिलांचं असंच फाटत गेलं होतं. ते विजेचे मीटर वाचायचे, मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचे, आणि शेवटच्या दहा वर्षांत घरातल्या घरात डावा हात भिंतीवरून फिरवत चालायचे. भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीवर एक तेलकट पट्टा उठला होता. विचारलं की म्हणायचे, दिसतं. दार उघडं होतं तरी त्याच्या कडेवर आपटले आणि म्हणाले, दिसतं. काचबिंदू घरात उतरतो, रंग उतरतो तसा, हे मशीनबाईला पाठ होतं, म्हणून धाकटीला ती दर वाढदिवसाला ओढून आणायची, घुमटात बसवायची आणि दरवर्षी तिचा कोरा स्वच्छ कागद बघून म्हणायची, तुझे डोळे आईवर गेले. स्वतःचा कागद तिनं शेवटचा कधी काढला होता? सहा वर्षं. सात असतील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही लांब शोधायला जायला नको. त्या दिवशी दुपारी हात धुताना तिनं आरशासमोर उजवा डोळा झाकला, डाव्या हाताचं बोट कानामागून हळूहळू पुढे आणलं. बोट यायला हवं होतं तिथं आलं नाही. बराच वेळ आलं नाही, आणि मग एकदम, जवळजवळ नाकासमोरच, आपलंच बोट दुसऱ्या कुणाचं असावं तसं आलं. नर्स आत आली, म्हणाली, "मशीनबाई, डोळा मारताय कुणाला?" "आरशातल्या बाईला," ती म्हणाली, आणि नळ बंद केला.

संध्याकाळी ती नेहमीसारखी धाकटीकडे गेली. गेले दोन महिने संध्याकाळी तिकडेच जायचं ठरलेलं होतं, कारण नकाशा तिकडे होता. धाकटी येत्या महिन्यात पन्नास वर्षांची होणार होती आणि तिनं बजावून ठेवलं होतं की मला पन्नाशीला साडी नको, दागिना नको, हॉटेलातलं जेवण नको. तुझ्या मागे बसून मला आठ दिवस फिरव, चार दिवस समुद्र आणि चार दिवस डोंगर. एकोणतीस वर्षं दोन खोल्यांत मशीनचं पायडल मारून आपण निदान पृथ्वीला दोन फेऱ्या घातल्या असतील, असा तिचा हिशेब होता, आणि दिसलं काय, तर समोरची भिंत. आठ दिवस ऑर्डर घेणार नाही असं तिनं गिऱ्हाइकांना तोंडावर सांगितलं होतं. एका गिऱ्हाइकानं मुलीचं लग्न मधे येतं म्हटल्यावर तिनं लग्न पुढे ढकलायला सांगितलं होतं. आता कापड कापायच्या लांब टेबलावर नकाशा पसरलेला होता, चार कोपऱ्यांवर कात्री, इस्त्री, बटणांचा डबा आणि नवऱ्याचा चष्मा. समुद्रकाठचा रस्ता निळ्या खडूनं, डोंगरातला पांढऱ्या. अंतर मोजायची धाकटीची पद्धत तिची स्वतःची होती. फोनवरचे आकडे तिला पटत नसत. ती सुईतला दोरा वळणावळणानं रस्त्यावर अंथरायची, दर इंचाला टाचणी, आणि मग दोरा उचलून टेपवर धरायची. घाटाला समुद्रकाठच्या तिप्पट दोरा लागतो, हे तिला फार आवडलं होतं. "कागदावर एवढंसं दिसतं," ती म्हणायची, "आणि आत किती कापड मुरतं बघ."

"दुसऱ्या दिवशी खाडी," धाकटी त्या संध्याकाळी सांगत होती. "फेरीबोट भरतीलाच गाड्या घेते. मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, बाई, भरती आमच्या हातात नाही. मी म्हटलं, मग कुणाच्या हातात आहे त्याचा नंबर द्या." तिचा नवरा पलंगावर पडल्या पडल्या हसला. "दोघींचं वय मिळून एकशे चार," तो म्हणाला, "गाडीचं पंचवीस. ताई, बोटवाला तुम्हाला वजनावर नाही, वयावर अडवेल." "तुमचा चष्मा समुद्रात पडलाय तो आधी काढा," धाकटी म्हणाली, आणि खरंच चष्मा निळ्या रंगात पडला होता. मशीनबाई हसली. तिनं चहाचा कप टेबलावर ठेवला आणि ती नकाशाकडे बघत राहिली. निळा खडू खालून वर चढत होता, आणि वर जाताना समुद्र सगळा वेळ डाव्या हाताला राहत होता. हे धाकटीनं मुद्दाम साधलं होतं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं जाणार, म्हणजे समुद्र आणि आपण यांच्यामध्ये कुणीच नाही, चार दिवस. "उलट करू या," मशीनबाईच्या तोंडून निघालं. "आधी डोंगर. येताना समुद्र." धाकटीनं मान वर केली. "उलट का?" "वारा. या दिवसांत वारा वरून खाली असतो. तोंडावर बसतो." "मागच्या आठवड्यात तूच म्हणालीस वारा कसलाच नसतो." "आणि संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येतं." "सगळा दोरा परत मोजावा लागेल, ताई." "मोजू." धाकटी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "गाडी तुझी, वारा तुझा," आणि टाचण्या काढू लागली. प्रत्येक टाचणी डब्यात पडताना बारीक वाजत होती. समुद्र उजवीकडे आला. आपण काय केलं हे मशीनबाईला घरी परत जाताना उमगलं. सायकलवाला तिनं नकाशाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला होता.

दोन दिवस तिनं काही केलं नाही. काही न करणं हेही कामच असतं आणि ते ती नेटानं करत होती. रस्त्यावर मान सारखी डावीकडे वळवायची, कोंबडीसारखी. चौकात शेवटी निघायची. एकटं राहणाऱ्या बाईला लपवायला फारसं काही नसतं, त्यामुळे लपवायची सवयही नसते, आणि खोली उगाच भरल्यासारखी वाटते. रात्री जेवताना तिनं पाण्याचा पेला डावीकडे ठेवायचं सोडलं. मोठे डॉक्टर वरच्या मजल्यावर होते, वीस पायऱ्या. ते कागद मागतील. थेंब देतील. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवू, हे वाक्य ते ज्या सुरात म्हणायचे तो तिला माहीत होता, आणि गाडी चालवता का, हा पुढचा प्रश्नही. मोटरसायकल ती सोळाव्या वर्षापासून चालवत होती. लग्न जमलं नाही ते गाडीमुळे, असं आई म्हणायची. गाडीमुळे लग्न टळलं, असं ती म्हणायची. दोघींचं आपापल्या जागी खरं होतं. तिच्या अंगाला चालण्यापेक्षा गाडीवर बसणं जास्त समजायचं. ते गेल्यावर उरणार काय? अंधारी खोली, हनुवटी टेकायची पट्टी, आणि आता घुमटाच्या आतल्या बाजूला आपण. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत तिनं खोलीचं दार आतून लावलं, मशीन सुरू केलं, उजव्या डोळ्यावर झाकण बसवलं आणि बावीस वर्षांत जिथं हजारो लोकांना बसवलं तिथं बसली. स्टूल आपल्यासाठी उंच आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कागद कोरा निघाला. अगदी कोरा नाही, डाव्या कडेला एक-दोन राखाडी ठिपके, चाळिशीनंतर कुणालाही असतात तसे. खाली मशीननं आपला शेरा दिला होता: तपासणी भरवशाची. ती तो कागद हातात धरून बराच वेळ उभी राहिली, मग तिला हसू आलं, मग रडू, आणि मग भूक लागली. आरसा जुना होता. बोट वाकडं धरलं असेल. सायकलवाला मध्येच घुसला असणार, लोक घुसतातच. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या दुपारी कामाच्या वेळात, जे तिनं कधी केलं नव्हतं, समुद्रकाठच्या दोन ठिकाणी फोन करून खोल्या ठरवल्या. खिडकीतून समुद्र दिसतो का, असंही विचारलं. त्या रविवारी ती धाकटीला मागे बसवून सरावाला घेऊन गेली, शहराबाहेर चाळीस किलोमीटर, मोकळ्या गाडीनं. परत येऊन जिना चढताना म्हणाली, "ते उलटं राहू दे. समुद्र डावीकडेच बरा." "आणि वारा?" "वाऱ्याचं बघून घेऊ. माझाही कागद काढला परवा, तुझ्यासारखाच स्वच्छ आला." धाकटीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, त्यात ताई आणि लहर हे दोन शब्द होते, आणि दोरा तिसऱ्यांदा अंथरला. ती खूश होती. गुणगुणत होती. येता शुक्रवार सोडून त्याच्या पुढच्या शुक्रवारी सकाळी निघायचं पक्कं झालं.

गुरुवारी एक ड्रायव्हर तपासणीला आला. लांब पल्ल्याच्या बसचा, पन्नाशीचा, रुंद मनगटांचा माणूस, घुमटासमोर शाळेतल्या बाकावर बसावं तसा गुडघे आवळून बसला. मोठ्या डॉक्टरांनी त्याला लायसन्सच्या नूतनीकरणासाठी पाठवलं होतं. "बाई, मधलं मला लख्ख दिसतं," तो हनुवटी टेकवता टेकवता म्हणाला, "आणि रस्ता मध्येच असतो." "मधल्या दिव्याकडेच बघायचं," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं. मशीन जुनं होतं. आत एक आरसा फिरायचा आणि दिवा घुमटावर इकडेतिकडे टाकायचा; आरसा फिरला की बारीक घरघर व्हायची. मधूनच मशीन नुसतंच घरघरायचं, दिवा लावायचंच नाही, आणि जे लोक आवाजावर बटण दाबत त्यांना पकडायचं. ड्रायव्हर दोनदा पकडला गेला. दिवा खरोखर लागतो तेव्हा घरघरीच्या मागोमाग एक खटका व्हायचा, झाकणी उघडल्याचा, घड्याळाच्या काट्यापेक्षाही हलका. पेशंटला तो कधी ऐकू येत नसे. तो फक्त तिला ऐकू यायचा, बावीस वर्षांनी, खोलीतल्या कोळ्याला जाळ्याचा कंप कळावा तसा. ती घुमटाच्या मागे टेबलापाशी बसली होती. तिथून आतलं काही दिसत नाही. घरघर, खटका. घरघर. घरघर, खटका. ड्रायव्हरचा अंगठा हलत नव्हता. बराच वेळ हलला नाही. आणि खटका झाला की टेबलाच्या कडेवर काहीतरी दाबलं जात होतं. तिनं खाली पाहिलं. तिचा अंगठा होता. एकही दिवा न दिसता तो प्रत्येक दिव्याला बटण दाबत होता. फसव्या घरघरीला थांबत होता. एकही चूक करत नव्हता.

ती तशीच बसून राहिली. अंगठा तिनं दुसऱ्या मुठीत धरला, आणि मुठीतही तो खटक्यासरशी उडत राहिला, तळहातावर ठेवलेल्या चिमणीच्या पिलासारखा. तपासणी भरवशाची. ज्या मशीनला कुणी फसवू नये म्हणून एवढी तयारी, त्याला फसवू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि त्यानं दार आतून लावून, सुट्टीत, प्रामाणिकपणे ते केलं होतं. प्रामाणिकपणे? ते स्टूलवर बसल्याक्षणी माहीत नव्हतं का? कुठेतरी, अंगठ्याला? मुठीकडे बघता बघता तिला हातगाडी आठवली. ती बारा वर्षांची, धाकटी आठ. वडिलांच्या मोटरसायकलवर धाकटी पुढे टाकीवर, ती मागे. डावीकडे पत्र्याच्या डब्यांनी भरलेली एक हातगाडी उभी होती, चाकाला वीट लावून. ती वीट तिला अजून दिसते. वडील सरळ तिच्यात गेले. डब्यांचा आवाज, धाकटीची हनुवटी फुटली, चार टाके पडले. मध्येच घुसला, वडील म्हणाले, आणि इतक्या खात्रीनं म्हणाले की हातगाडीवाल्यानंच हात जोडून माफी मागितली. पुढे सगळं घर तेच सांगत आलं. धाकटी अजूनही हनुवटी वर करून लोकांना सांगते, हा बघा, हातगाडीवाल्याचा आशीर्वाद. वीट फक्त तिनं पाहिली होती, आणि तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. "बाई," ड्रायव्हर घुमटातूनच म्हणाला, "दिवे संपले का?" "संपले," ती म्हणाली. कागद बाहेर आला, डावी उजवी दोन्ही बाजूंनी काळा. त्यानं तो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "एकदा परत घ्या ना. झोप झाली नव्हती." एका दिवसात दुसऱ्यांदा घ्यायचं नाही, हा तिचा नियम होता, लोक शिकतात. "आज नाही," ती म्हणाली. "माझी बस आहे हो उद्याची," तो म्हणाला. तिनं कागद फाइलला लावला आणि फाइल वरच्या मजल्यावर पाठवली. त्याच्या फाइलसाठी वीस पायऱ्या काहीच नव्हत्या.

त्या संध्याकाळी तिनं धाकटीला फोन करून डोकं दुखतं म्हणून सांगितलं. शुक्रवारी सांगायला म्हणून गेली. धाकटी तंबूच्या जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवून बसली होती, गाडीच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या, दुहेरी शिवण, पट्ट्यांना पितळी कड्या, आणि आतल्या बाजूला, जिथं कुणालाही दिसणार नव्हतं, दोन माशांची नक्षी. "बोल, काय म्हणत होतीस?" धाकटीनं विचारलं. "छान झाल्यात," ती म्हणाली. शनिवारी ती गेलीच नाही. शनिवारी तिनं मोटरसायकल धुतली. चेन काढून रॉकेलमध्ये बुडवली, घासली, वंगण लावलं, ब्रेकची वायर आवळली, टायरच्या खाचांत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक काढले. हे सगळं तिला डोळे मिटूनही आलं असतं, असं मनात आलं आणि ती हात पुसून उठली. उद्या सकाळी भरलेल्या गाडीचा सराव ठरला होता. धाकटी खाली येईल तेव्हा सांगायचं. वर बोलवायचं, चहा करायचा, सांगायचं. वाक्यही तयार होतं: हे बघ, रागावू नकोस. पण रविवारी सकाळी धाकटी हेल्मेट घालूनच आली. काच खाली, आत नुसते डोळे, आणि दोन्ही हातांत पिशव्या, पाण्याच्या बाटल्यांनी भरलेल्या. आठ दिवसांच्या कपड्यांचं वजन तिनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून तेवढंच पाणी भरलं होतं, अठरा लिटर. "चल," ती हेल्मेटमधून म्हणाली, "ऊन चढायच्या आत." आणि मशीनबाई गाडीवर बसली. नंतर कितीदा तरी तिनं तो क्षण उलटसुलट करून पाहिला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. वाक्य तोंडात होतं. ती गाडीवर बसली आणि किक मारली.

भरलेली गाडी वेगळीच वागते, उशिरा वळते, उशिरा थांबते. ती अगदी सावकाश चालवत होती, रस्त्याच्या मधोमध, मान डावीकडे उजवीकडे वळवत, आणि मागून धाकटी तिच्या कानात सतत बोलत होती. बोटवाल्याशी परत बोलणं झालं. घाटात थंडी असेल, मोजे दोन जोड घेतलेत. नवऱ्याला अंडी उकडायला शिकवलंय, पहिल्या वेळी पाणीच घातलं नाही. शहर मागे पडलं, विटांच्या भट्ट्या गेल्या, गॅरेजवाल्यांच्या टपऱ्या गेल्या, उड्डाणपूल उतरून रस्ता मोकळा झाला, दोन्हीकडे पाणी साचलेली सखल जमीन. "ताई, बगळे," धाकटी म्हणाली. "छान आहेत," ती म्हणाली. तिनं बगळे पाहिले नव्हते. तिच्या कमरेभोवतीची पकड सुटली. आधी एक हात, मग दुसरा. "ताई, बघ, दोन्ही हात सोडलेत मी," धाकटी म्हणाली. आवाज आठ वर्षांच्या मुलीचा होता. "मला वाटलं भीती वाटेल. तू आहेस तर काही वाटत नाही." हात पसरले असणार तिनं, पंखांसारखे, उजव्या कडेला तिला बोटांची टोकं दिसली, हातमोज्याची लोकर, वाऱ्यानं फडफडणारी बाही. डाव्या कडेला नुसतं आकाश होतं, सपाट, एकसारखं, कुठेही शिवण नसलेलं. तिथं एक अख्खा हात होता आणि तिथं आकाश होतं.

तिनं ब्रेक फार हळू दाबला. गाडी कडेला घेतली, बंद केली, स्टँडला लावली. "काय झालं? पंक्चर?" धाकटीनं उतरून चाकं बघितली. मशीनबाईनं हेल्मेट काढलं. तयार वाक्य सापडेना. "मला डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. "डावीकडचं डावा डोळाच बघतो, उजव्याला मध्ये नाक येतं. आणि डावा गेलाय. बाबांसारखं." धाकटीनं काच वर केली. "तुझा कागद तर स्वच्छ आला म्हणालीस." "तो खोटा होता. मुद्दाम नाही. माझा कान बटण दाबतो." हे तिला नीट सांगता आलं नाही, तिनं दोनदा सांगितलं, खटका, झाकणी, ड्रायव्हर, अंगठा. धाकटी ऐकत होती, शिवण तपासतात तशी, डोळे बारीक करून. मग म्हणाली, "हे कधी कळलं तुला?" "गुरुवारी." "आज रविवार आहे." "हो." "म्हणजे माहीत असून बसवलंस मला." मशीनबाईनं हातातलं हेल्मेट सीटवर ठेवलं. "आणि मी हात सोडले," धाकटी म्हणाली. तिनं आलेल्या रस्त्याकडे वळून पाहिलं, पूल, भट्ट्या, ट्रक, त्यातला एकेक मैल ती परत अंथरून बघत असावी. मग तिनं हेल्मेट काढलं. हनुवटीचा व्रण पांढरा पडला होता. मशीनबाईच्या मनात विटेचं आलं, तोंडापर्यंत आलं, आणि तिनं ते गिळलं. एका दिवसात एवढंच. आणि ते गिळताना तिला कळलं की हीदेखील पुन्हा तीच चूक असेल; पण आज दुसरं काही देण्याची ताकद तिच्यात नव्हती.

"मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?" धाकटी म्हणाली. "भांडले असते? रडले असते? बसनं गेलो असतो आपण. समुद्र काय फक्त मोटरसायकलवाल्यांना दिसतो?" "तुला गाडीवरून हवं होतं." "मला तू हवी होतीस, बिनडोक बाई." असं तिनं मोठ्या बहिणीला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं पिशव्यांचे पट्टे हलले. "चालवायची नाहीस," धाकटी म्हणाली. "नाही." "मला येत नाही." "माहीत आहे." "गॅरेज किती मागे?" "दीड-दोन किलोमीटर. मध्ये पुलाचा चढ." धाकटीनं पिशवीची पितळी कडी उघडली, बाटली काढली, झाकण फिरवलं आणि रस्त्याच्या कडेच्या गवतावर उपडी केली. मग दुसरी. "काय करतेस?" "ढकलायचीच आहे तर ओझं कशाला." अठरा बाटल्या तिनं एकेक करून ओतल्या, कुठल्याही बाटलीत थेंब ठेवला नाही. पाणी गवतातून वाहत मशीनबाईच्या बुटांपर्यंत आलं. ती मदतीला पुढे झाली तेव्हा धाकटीनं नुसता हात आडवा केला. "सोमवारी वरच्या डॉक्टरांकडे," ती शेवटची बाटली हलवत म्हणाली. "उद्या. मी येणार आहे. दार आतून लावायचं नाही." "बरं." "आणि शुक्रवारचं मला विचारू नकोस. मला माहीत नाही. तुझ्याबरोबर खोलीत झोपायचं की नाही हेच मला आत्ता माहीत नाही."

मशीनबाईनं हँडल धरलं, गाडी न्यूट्रलवर टाकली आणि परत शहराकडे वळवली. ती गाडीच्या डाव्या अंगाला, दोन्ही हात हँडलवर. धाकटी कुठे आहे हे तिला दिसत नव्हतं आणि ती विचारणार नव्हती. सपाटीवर गाडी आपोआप चालली. ऊन चढलं होतं. समोरून येणारे लोक गाडी ढकलणाऱ्या बाईकडे बघतात तसे बघत होते, एकानं पेट्रोल संपलं का म्हणून विचारलं, तिनं नाही म्हटलं, तो आणखी विचारात पडला. मग पूल आला. चढाला पहिली वीस पावलं सगळं वजन तिच्या खांद्यांत उतरलं, पोटऱ्या ताठल्या, चाक मागे यायला बघू लागलं, आणि ती ब्रेक दाबून उभी राहिली. श्वास घेतला. पुन्हा ढकलली. तशीच जड. आणखी दहा पावलं. मग एकाएकी ओझं कमी झालं, कुणी मागून सीटला हात लावावा तसं. थोडं वर गेल्यावर तो जोर नाहीसा झाला आणि ती एकटीच गाडीसकट उभी राहिली, घामानं डोळे भरलेले, मागे वळायचं नाही असं ठरवून. पुलाखालून पाण्याचा वास येत होता. मग पुन्हा मागून जोर आला, रागाचा, धक्का दिल्यासारखा, हँडल तिच्या हातात डुचमळलं. तिनं ते सरळ केलं आणि पाऊल टाकलं. असं ते चालत राहिलं, मधून मधून एकटीचं, मधून मधून दोघींचं, आणि चढ अजून अर्धा शिल्लक होता.